क्लिओ व्ही६ला टर्बो नाही, माझ्याच पोस्टचा खुलासा

परवा मी घाईघाईत टाकलेलं की रेनोच्या ५ टर्बो गाडीचंच टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) मोठं करून पुढे रेनोच्याच क्लिओ व्ही६ गाडीत बसवलं, ते चुकीचं आहे आणि आता ग्रुपाग्रुपांत फिरतंय, म्हणून हे.

दोघींत सारखं काय, तर इंजिन सीटच्या मागे आणि जोर मागच्या चाकांना, बास. ५ टर्बो १९८० ची, १३९७ सीसीचं चार सिलिंडर इंजिन, टर्बो लावून १६० हॉर्सपॉवर आणि वजन हजार किलोच्या आत, १९८१ ला फ्रेंच रॅली ड्रायव्हर राग्नोत्तीने हिच्यावरच मॉन्टे कार्लो रॅली मारली. क्लिओ व्ही६ आली २००१ ला, ३ लिटरचं व्ही६ (व्ही आकारात बसवलेले सहा सिलिंडर), २३० हॉर्सपॉवर, २००३ च्या फेज २ म्हणजे सुधारित मॉडेलमध्ये २५५, आणि टर्बो बिर्बो काही नाही. मला एकाने टोकलं तेव्हा कंपनीचे आकडे आणि इंजिनचे फोटो नीट बघितले, मागचं दार उघडून कार्पेटवालं झाकण काढलं की आडवं बसवलेलं व्ही६ दिसतं, टर्बो शोधूनही सापडत नाही.

अजून एक, त्याच पोस्टखाली लोक ५ टर्बो समजून ५ जीटी टर्बो या वेगळ्याच गाडीचे फोटो टाकतायत. ती १९८५ ची, इंजिन पुढे, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, कार्बोरेटरवाली. सीसी तेवढंच १३९७, त्यामुळे घोळ होतो, कळतं मला. पण ५ टर्बो आणि हिच्या किमतीत जमीन अस्मानाचा फरक आहे राव.

जुनी पोस्ट मी डिलीट केलीय, तिचा स्क्रीनशॉट प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याखाली हे चिकटवा.