‘मिथेन जाळण्यापेक्षा सोडलेला बरा’ म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर येणारे लांबलचक मेसेज मी न वाचताच पुढे सरकवतो. पण कळव्याच्या भाचीने त्यातलाच एक अकरावीच्या पर्यावरण प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला आणि ‘मामा, एकदा बघ ना’ म्हणून मला पाठवला. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं असं. भूमिगत कोळसा खाणीतला मिथेन हवेत सोडणं हाच सगळ्यात पर्यावरणपूरक मार्ग आहे. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर निघून जातो. जाळला तर उलट कार्बन डायऑक्साइड होतो. हवा मिसळून पातळ केला की स्फोटाची भीती नाही. बारा वर्षांत तो आपोआप संपतो. शिवाय खाणीतला गॅस इतका विरळ असतो की त्याचं काहीच करता येत नाही, आणि बाकीचे पर्याय म्हणजे कार्बन क्रेडिटवाल्या, म्हणजे प्रदूषण कमी केल्याचे दाखले विकणाऱ्या परदेश्यांचा धंदा.

‘वर निघून जातो’ म्हणजे कुठे जातो? वातावरण सोडून जात नाही, हवेत मिसळून तिथेच राहतो. पुढचा मुद्दा.

जाळला तर कार्बन डायऑक्साइड होतो. हो, होतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात बॉयलरवर माझी उमेदीची वर्षं गेली, हे मला कुणी शिकवायला नको. पण किती होतो, हे मेसेज लिहिणाऱ्याने विचारलंच नाही. १ टन मिथेन पूर्ण जळला तर २.७५ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. अकरावीच्या रसायनशास्त्रात बसणारं गणित आहे. आता तोच १ टन न जाळता सोडला तर? संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञ मंडळाच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालाप्रमाणे खनिज, म्हणजे कोळसा-तेलातून येणाऱ्या मिथेनचा तापवण्याचा परिणाम १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २९.८ पट आणि २० वर्षांच्या हिशेबाने ८२.५ पट आहे. म्हणजे एका बाजूला पावणेतीन टन, दुसऱ्या बाजूला जवळजवळ तीस टन, आणि पुढच्या वीस वर्षांचाच विचार केला तर ब्याऐंशी. फ्लेअर (गॅस नुसता जाळून टाकायची ज्योत) नीट चालत नाही, सगळा गॅस जळत नाही, असंही कुणी म्हणेल. चला, दहा टक्के गॅस न जळताच निसटला असं धरू. तरी १०० वर्षांच्या हिशेबाने बेरीज साडेपाच टनांच्या आतच राहते. तीस कुठे, साडेपाच कुठे!

गंमत म्हणजे हाच मेसेज पुढे सांगतो की मिथेन बारा वर्षांत संपतो. सरासरी आयुष्य साधारण तेवढंच आहे, हे अर्धसत्य मान्य. पण संपतो म्हणजे काय होतं? हवेतच त्याचं ऑक्सिडीकरण होऊन शेवटी बहुतेक कार्बन डायऑक्साइडच होतो. ज्या कार्बन डायऑक्साइडच्या भीतीने जाळू नका म्हणताय तो पुढे होणारच आहे, फक्त मधली वर्षं मिथेन भरपूर तापवून जाणार.

यापेक्षा मला राग आला तो ‘पातळ करा’ या सल्ल्याचा, कारण तो माणसं मारणारा आहे. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ठिणगीची वाट बघायची. ४० टक्के मिथेन असलेल्या गॅसमध्ये हवा घालत गेलात तर तो सुरक्षित होत नाही, तो या पट्ट्याच्या दिशेने निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाने खाणीतल्या मिथेनच्या निचऱ्यावर, म्हणजे तो भोकं पाडून ओढून काढण्यावर मार्गदर्शिका काढली आहे, २०१० ची आणि २०१६ ची सुधारित. तिचा आग्रह असा की स्फोटक पट्ट्यातला किंवा त्याच्या जवळपासचा गॅस पाइपातून न्यायचाच नाही. वरच्या मर्यादेच्या दुप्पट, म्हणजे ३० टक्क्यांच्या वर ठेवायचा. त्यासाठी गॅस ओढायच्या छिद्रांची तोंडं हवा शिरू नये अशी नीट बंद करायची, गळती शोधायची. चीनने २००८ मध्ये ३० टक्के किंवा अधिक मिथेन असलेला गॅस सोडायला बंदी घातली, तेव्हा गॅस ३० टक्क्यांखाली पातळ करून नियमातून निसटायची पळवाट उघडीच राहिली. ज्याला हा विषय कागदावरचा वाटतो त्याने धनबादजवळच्या भाटडीहची आठवण काढावी. ६ सप्टेंबर २००६ ला तिथे गॅसच्या स्फोटात ५० कामगार गेले.

आता ‘विरळ गॅस’. इथे मेसेजला थोडे गुण द्यावे लागतात. खाणीतून मिथेन दोन वाटांनी बाहेर येतो. एक, कोळशाच्या थरात किंवा गोफमध्ये (कोळसा काढल्यावर मागे उरलेल्या, छत ढासळलेल्या भागात) भोकं पाडून ओढलेला दाट गॅस. दुसरी, पंख्यांनी बाहेर फेकलेली परतीची हवा. या दुसऱ्या वाटेत मिथेन बहुधा एक टक्क्याच्या आत असतो. आपल्या नियमांतही परतीच्या हवेत ०.७५ टक्क्याची मर्यादा आहे. पंखे थांबवता येत नाहीत, थांबवूही नयेत, आणि एवढ्या पातळ हवेला साधी ज्योत लागत नाही. पण ‘काहीच करता येत नाही’ हे खोटं आहे. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट क्लिफ खाणीत २००७ पासून अशाच हवेतला मिथेन तापलेल्या सिरॅमिकच्या थरातून नेऊन ऑक्सिडाइझ केला आणि त्या उष्णतेवर सुमारे ६ मेगावॉटचं टर्बाइन चालवलं. महागडं काम आहे, प्रत्येक खाणीला परवडणार नाही. दाट गॅसला मात्र ही सबब नाही. इंजिन लावून वीज करा. गॅस अनियमित असेल किंवा वीज घेणारं कुणी नसेल तर फ्लेअर करा. सोडून देणं सगळ्यात शेवटी, तेही जीव वाचवायला.

राहिला परदेशी धंदा. कार्बन क्रेडिटमध्ये घोटाळे झालेत, त्यावर वेगळं भांडू. पण भारताने मिथेन कमी करण्याच्या २०२१ च्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर सही केलेलीच नाही, मग जबरदस्ती कुणाची? झरियाच्या मुनीडीह खाणीत खाणीतल्या मिथेनवर वीज करून दाखवली ती भारत कोकिंग कोल या आपल्याच सरकारी कंपनीच्या आवारात. त्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा हात होता, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आपला बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो, त्यामुळे भूमिगत खाणींचा हा प्रश्न आपल्याकडे चीनइतका मोठा नाही, हेही खरं. पण मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.