खुलासा : डच नावांचं इंग्रजी 'भाषांतर' करून वंशवेल भरू नका

न्यू यॉर्कच्या जुन्या डच घराण्यांचा शोध घेणाऱ्यांत एक यादी फिरते आहे : प्रत्येक डच नावाला एकच इंग्रजी नाव, ते बदलून लिहा. हे चूक आहे.

१६६४ नंतर तिथे डचांच्या जागी इंग्रजांचा अंमल आला आणि कारकुनांनी कानाला जवळचं वाटेल ते नाव लिहिलं. दिर्क हे दीडरिकचं लहान रूप. रिचर्डशी त्याचं मुळात नातं नाही, तरी कागदांत दिर्कचा रिचर्ड झालेला दिसतो. नेदरलँड्समधल्या कॅथलिक नोंदवहीत तोच दिर्क लॅटिनमध्ये थिओडोरस! नेल्त्ये हे बायकांचं डच नाव तर कुठे कॉर्नेलिया, कुठे एलेनॉर.

खरा घोळ याकोब आणि याकोबसचा. याकोबसचा बहुधा जेम्स होतो, याकोब जेकबच राहतो. दोघांना एक मानलं की दोन सख्खे भाऊ एकाच माणसात जमा!

म्हणून मुख्य नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत आहे तसंच ठेवा, इंग्रजी रूप पर्यायी नावाच्या रकान्यात, वर्षासह. माणूस तोच का, हे जोडीदार, बापाच्या नावावरून आलेलं यान्सेनसारखं नाव आणि मुलांच्या बाप्तिस्म्याचे साक्षीदार पाहून ठरवा.