सहा ग्रहांचं त्रैराशिक आणि आपली मराठी शाळा

‘मराठी शाळेत घातलं की पोरगं विज्ञानात मागं पडतं.’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडे यावर आता वादही होत नाही, ठरून गेल्यासारखंच बोललं जातं. ज्यांच्या घरातल्या दोन पिढ्या सीमालढ्यात गेल्या, तीही माणसं नातवंडांना इंग्रजी माध्यमात घालतात. त्यांना दोष द्यायचा मला अधिकार नाही, मी स्वतः पोटासाठी स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला आलो. पण हे म्हणणं मला मुळीच पटत नाही, आणि त्याचं कारण इथल्याच एका दुर्बिणीत आहे.

ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. 6 जून 2012च्या सकाळी शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना आपल्याकडे पुष्कळांनी पाहिला. तसंच अधिक्रमण दूरच्या ताऱ्यावर होतं तेव्हा ग्रह दिसत नाही, प्रकाशाच्या आलेखात खड्डा तेवढा पडतो. आपली पृथ्वी सूर्यासमोरून जाताना कुणी लांबून पाहिली, तर प्रकाश दहा लाखांत जेमतेम 84 भागांनी कमी होईल. जमिनीवरून, हलत्या हवेतून, एवढं बारीक मोजणं जमत नाही. म्हणून 2009 साली केप्लर, 2018 साली टेस आणि डिसेंबर 2019मध्ये केऑप्स या दुर्बिणी अवकाशात गेल्या. केऑप्सचं नेतृत्व बर्न विद्यापीठाकडे आहे.

एचडी 110067 हा तारा सुमारे 100 प्रकाशवर्षांवर आहे. टेसने तो 2020मध्ये पाहिला, 2022मध्ये पुन्हा पाहिला, आणि दोन्ही वेळचे खड्डे एकमेकांशी जुळेनात. केऑप्सने नेमक्या वेळी नजर लावून तिसऱ्या ग्रहाचा फेरा पक्का केला. पहिला 9.11 दिवसांचा, दुसरा 13.67. पहिल्याची दीडपट करून बघा. दुसऱ्याची दीडपट केली की जवळजवळ तिसरा येतो, 20.52. आतला तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात बाहेरचा दोन. चौथ्यालाही हेच प्रमाण लागू पडतं, त्यापुढे ते चारास तीन होतं: 30.79, 41.06, 54.77. बाहेरच्या तिघांचे फेरे या प्रमाणावरून मांडले गेले आणि टेसच्या जुन्या नोंदींशी जुळले. 2023 साली सहा ग्रहांची ही माला जगापुढे आली. जन्मापासून मोठा धक्का न बसता तिचं लयबद्ध फिरणं टिकून राहिलंय, म्हणून तिचं मोल फार.

निरीक्षण अवघड खरंच, पण हा हिशोब त्रैराशिकाचा आहे. सातवीचं मूल तो मराठीत करू शकतं. त्रैराशिक शिकवणाऱ्या भास्कराचार्यांचं गाव विजापूर की चाळीसगावजवळचं पाटण, यावरही दोन राज्यांत वाद आहे. गणित मात्र दोन्हीकडच्या मुलांचं आहे.

केऑप्सचं नेतृत्व जर्मन बोलणाऱ्या बर्नकडे, तर तिचं विज्ञानकेंद्र फ्रेंच बोलणाऱ्या जिनिव्हात. दोन्हीकडची मुलं आपापल्या भाषेत शिकतात. बर्नच्या मुलांची तर घरची बोली वेगळी आणि शाळेतली जर्मन वेगळी, आपल्या बेळगावी मराठीसारखंच. पुढे शोधनिबंध इंग्रजीत लिहावे लागतात, ते सगळेच लिहितात.

सीमावाद इथेही झाला. मूतिए हे फ्रेंचभाषक गाव 2021च्या मतदानानंतर, 1 जानेवारी 2026ला, बर्न प्रांतातून ज्यूरा प्रांतात गेलं. त्यांना मत विचारलं गेलं. आपल्याला 1956 पासून कुणी विचारलं नाही, आणि 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणून ‘सीमाप्रश्न सोडा, तारे बघा’ असं इथं बसून मी कधीच म्हणणार नाही. फलक मराठीत हवेत, सरकारी कागद मराठीत हवेत, या मागण्या रास्तच आहेत. त्यांच्या शेजारी आठवीच्या विज्ञानाच्या तासाचीही मागणी हवी. मुलंच आली नाहीत, तर मराठी शाळा कुणासाठी राखायची?

टेसच्या नोंदी कुणालाही फुकट मिळतात. एका ताऱ्याचा आलेख कागदावर छापायचा, मुलांनी पट्टीने खड्ड्यांमधलं अंतर मोजायचं, त्यावरून ग्रहाचं वर्ष काढायचं. एवढ्याला प्रयोगशाळाही लागत नाही. शेजारच्या कन्नड शाळेतही हाच कागद चालेल. मराठी मजकूर मी लिहून देतो, कन्नडमध्ये लिहिणारं माणूस बेळगावातच मिळेल. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गुरुजींनी येत्या जूनपासून आठवड्यातला एक तास द्यावा.