खाडे करणाऱ्यांची एम्प्रेस मिल

परवा भाचीला म्हटलं, "तुझे पणजोबा एम्प्रेसमध्ये होते." तिने विचारलं, "मॉलमध्ये?" पोरीची चूक नाही. तिला कळायला लागलं तेव्हा नागपुरात एम्प्रेस नावाचा मॉलच उभा होता. पण तेवढ्याने रात्रभर झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलो.

एम्प्रेसची नेहमी सांगतात ती गोष्ट मलाही आवडते. मुंबईत जो तो गिरणी काढत होता, तेव्हा जमशेटजी टाटांनी नागपूर निवडलं. वऱ्हाडचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि 1867 पासून रेल्वे दारात. 1874 मध्ये 15 लाखांच्या भांडवलावर कंपनी निघाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात मिळाली, तिच्यात भर घालायला सुरुवात झाली. एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. म्हणाला, हा माणूस मातीत सोनं पुरतोय. पुढे त्यानेच कबूल केलं की माती टाकून सोनं काढलं. 1 जानेवारी 1877 ला इंजिन सुरू झालं. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस.

इथवर ठीक. मग एक वाक्य हमखास येतं: "इथले मजूर आळशी, रोज पाचातला एक गैरहजर." हे वाक्य मला आजवर पटलेलं नाही.

जरा विचार करा. मिलमध्ये आलेला माणूस कोण होता? आसपासच्या खेड्यातला शेतकरी, शेतमजूर, नाहीतर घरी मागावर बसणारा कोष्टी. पेरणी आली की गावाकडे जाणारा, घरात लग्न निघालं की चार दिवस थांबणारा. कामाचा कंटाळा असता तर तो उन्हातान्हात वखर हाकत बसला असता का? कामाची वेळ भोंगा ठरवणार, ही गोष्टच त्याला नवी होती. बॉयलर पेटला की सगळे साचे एकदम फिरणार, वाफ कुणासाठी थांबणार नाही. खाडा हा शब्दच मुळी त्या भोंग्याच्या हिशेबातला. आणि दिवस किती मोठा? उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. 1881 चा फॅक्टरी कायदा आला तोही फक्त पोरांचे तास आखणारा. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हतं.

माझ्या मते जमशेटजी आणि मॅनेजर बेझनजी मेहता यांचं खरं मोठेपण इथे दिसतं. बेझनजी रेल्वेतून आलेले, कापडाच्या धंद्यात नवखे. नुसता दंड लावून माणसं टिकत नाहीत हे दोघांनी ओळखलं. बक्षिसं सुरू केली, 1886 मध्ये पेन्शन फंड, 1895 मध्ये अपघाताची भरपाई, 1901 मध्ये प्रॉव्हिडंट फंड. देशात भरपाईचा कायदा झाला 1923 मध्ये आणि पीएफचा 1952 मध्ये. पण हे फंड कुणामुळे सुचले? खाडे करणाऱ्यांमुळे. ते मुकाट्याने रोज आले असते तर कुणाला काय पडली होती!

यंत्रांबद्दल एवढंच सांगतो, कारण आजोबा रिंग खात्यात होते. त्या काळी म्यूल नावाच्या यंत्रावर सूत कातत. त्याचा गाडा पुढे येताना धागा ओढायचा, पिळायचा आणि मागे जाताना गुंडाळायचा. रिंग या नव्या यंत्रात पीळ आणि गुंडाळी एकाच वेळी. इंग्लंडातला कापडगिरण्यांचा मुलूख लँकेशायर म्यूलला चिकटून राहिला. इथे इंजिनिअर जेम्स ब्रुक्सबींच्या हाताखाली 1880 च्या दशकातच रिंगचे प्रयोग झाले. नागपूरची हवा कोरडी, त्यामुळे उन्हाळ्यात धागा पटापट तुटायचा. म्हणून खात्यात हवेत ओलावा सोडायची सोय केली.

तुटलेला धागा कसा सांधायचा, ते आजोबांनी मला एकदा रिकाम्या हातांनी दाखवलं होतं. डाव्या बोटांनी फिरती चाती, म्हणजे बॉबिन फिरवणारी दांडी, अडवायची, बॉबिनवरचं टोक शोधायचं, ते रिंगवरच्या बारीकशा कडीतून ओवायचं आणि वर रोलरमधून उतरणाऱ्या कापसाला नुसतं टेकवायचं. चाती सोडली की पीळ आपोआप वर चढतो आणि जोड पक्का होतो. गाठ मारायची नाही. हे सगळं दोन-तीन सेकंदांत, आणि तेवढ्यात शेजारचा धागा तुटलेला. घरी आल्यावर भुवयांवर कापसाची तूस असायची, आजी ती पदराने पुसायची.

1986 मध्ये मिल सरकारकडे गेली, 2002 मध्ये कायमची बंद पडली. तिथे इमारती झाल्या त्याबद्दल माझी तक्रार नाही. शहर वाढणारच. पण त्या जागेवर नुसतं जमशेटजींचं नाव आणि 1877 हा आकडा पुरेसा नाही. तिथे खात्यांची नावं लिहिलेली हवीत, भोंग्याच्या वेळा हव्यात, आणि 1901 चा फंड कुणासाठी काढावा लागला तेही हवं.

तुमच्या घरातलं कुणी एम्प्रेसमध्ये असेल तर खाली लिहा: खातं कोणतं, पाळी कोणती, गाव कोणतं. जुना पगाराचा कागद, बिल्ला, काही सापडलं तर फोटो टाका. भाचीला दाखवायचे आहेत.