सख्ख्या भावंडांची जोडी लावून फिंचचा रंग ‘शुद्ध’ होत नाही

झेब्रा फिंच या पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या छोट्या पक्ष्याची सख्खी भावंडे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी जुळवली की पाइड (अंगावर पांढरे चट्टे असलेला) रंग ‘शुद्ध’ होतो, पहिल्या विणीत पाइड पिल्लू निघाले नाही तर विकणाऱ्याने फसवले असे समजावे, आणि हळदीच्या पाण्याने रंग खुलतो, असा एक संदेश मराठवाड्यातील पक्षीपालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. परभणीच्या माझ्या भाच्याने त्यावर विसंबून पाइड नर आणि राखाडी मादी यांची सगळी राखाडी पिल्ले कवडीमोलाने विकली आणि एकाच विणीतली पाइड भावंडे आणून जोडीला लावली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पाइड हा अप्रभावी गुण आहे, म्हणजे त्याच्या जनुकाची प्रत आई आणि बाप दोघांकडून आली तरच तो दिसतो. त्यामुळे विकलेले प्रत्येक पिल्लू पाइडचे वाहक (एक प्रत बाळगणारे, पण राखाडी दिसणारे), म्हणजे आपल्या बोलीत ‘स्प्लिट’, होते. असा वाहक पाइडशी जुळवला तर सरासरी निम्मी पिल्ले पाइड निघतात. दोन वाहक जुळवले तर चारांत एक. ही शक्यता प्रत्येक अंड्याला स्वतंत्रपणे लागू असते, म्हणून दोन वाहकांच्या चार पिल्लांत एकही पाइड नसणे साधारण तीनांतल्या एका विणीत घडतेच.

सर्वांत घातक भाग भावंडांच्या जोडीचा आहे. पाइड दिसणाऱ्या पक्ष्यात त्या जनुकाच्या दोन्ही प्रती आधीच पाइडच्या असतात. त्याहून शुद्ध करायचे काही उरतच नाही. पांढऱ्याचे प्रमाण निवडीने बदलता येते आणि एकाच पक्ष्यात नवा रंग उपजला तर जाणकार पालक तो टिकवण्यासाठी नात्यातली जोडी लावतात, एवढे मान्य करावे लागेल; पण पाइड पक्षी सहज मिळत असताना सख्खी भावंडे कशाला हवीत? अशा जोडीच्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, २५ टक्के असतो, आणि हाच क्रम चालू ठेवल्यास पुढच्या दोन पिढ्यांत तो ३७.५ आणि ५० टक्क्यांवर जातो. रंगाबरोबर दडलेले घातक अप्रभावी गुणही तितक्याच सहजतेने जोडीने एकत्र येतात. शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये झेब्रा फिंचवरचाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सख्ख्या भावंडांच्या संततीचे प्रौढ होईपर्यंत जगण्याचे प्रमाण कमी आढळले. गर्भ अगदी सुरुवातीला मेला तर अंडे वरून रिकामेच वाटते, आणि मग दोष नराच्या माथी मारला जातो.

हळदीने जनुक बदलत नाही. आहारातल्या कॅरोटिनॉइड या पिवळ्या-लाल रंगद्रव्यामुळे चोचीचा लाल रंग गडद होतो, इतकेच.

संदेशात डोक्यावर तुरा असलेला, तुरेवाला फिंचही अप्रभावी म्हटला आहे, तेही चूक. तुरा प्रभावी आहे, म्हणजे एका प्रतीनेही दिसतो, आणि त्याची दुहेरी मात्रा (दोन्ही प्रती) प्राणघातक ठरते, त्यामुळे दोन तुरेवाले जुळवल्यास सरासरी चौथा हिस्सा गर्भ जगत नाहीत. फॉन (फिकट तपकिरी) हा लिंगसंलग्न अप्रभावी रंग आहे, म्हणजे त्याचे जनुक लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असते, आणि मादीकडे झेड गुणसूत्र एकच असते. म्हणून ती फॉन असते किंवा नसते, वाहक कधीच नसते. ‘फॉन स्प्लिट मादी’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नयेत.