प्रवाळाचा काठ किती पावलांवर? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मालदीवमधील दोन डायव्ह रिसॉर्टची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. पाण्यावरच्या व्हिला, तीन उपाहारगृहे आणि देखणे लगून असलेल्या रिसॉर्टला मी दुसरा क्रमांक दिला आणि साध्या खोल्यांच्या जुन्या रिसॉर्टला पहिला, हा आपल्याला अन्याय वाटतो. आपल्या पत्नी डायव्हिंग करत नाहीत आणि अशा जोडीदाराचा मी विचारच केला नाही, असे आपण म्हणता. तारकर्लीत दोनदा स्कूबा केलेल्या माणसाला मी नवशिक्यांत बसवले, हे आपल्याला खटकले. आणि लक्षद्वीप आपले असताना मालदीवला पैसे का घालवायचे, तेही मी सुचवल्याप्रमाणे जुलैच्या पावसात, असा आपला शेवटचा प्रश्न आहे.

क्रमांकाबद्दल मी माझे मत बदललेले नाही, आणि त्यामागचे कारण लेखात पुरेसे उलगडले नव्हते, ते इथे उलगडतो. मालदीवची बेटे म्हणजे कंकणद्वीपांच्या (प्रवाळाच्या कड्यासारख्या गोल रांगांच्या, म्हणजे अ‍ॅटॉलच्या) कडेवर आणि त्यांच्या आत उगवलेले वाळूचे लहान लहान पुंजके आहेत. प्रत्येक बेटाभोवती उथळ पाण्याचा पट्टा असतो आणि त्या पट्ट्याच्या बाहेरच्या काठावर प्रवाळाचा उतार एकदम खोल पाण्यात उतरतो. काही बेटांवर हा काठ किनाऱ्यापासून तीस-चाळीस पावलांवर येतो, तर काही बेटांवर मधले लगून इतके रुंद असते की काठ कित्येक शे मीटर दूर राहतो. पाण्यावरच्या व्हिला बांधायला हे रुंद, उथळ, पांढऱ्या वाळूचे लगून सर्वांत सोयीचे असते आणि छायाचित्रातला तो फिकट निळा रंगही त्याचाच असतो. म्हणजे जे बेट जाहिरातीत सर्वांत सुंदर दिसते, तेच डायव्हरसाठी बहुतेक वेळा गैरसोयीचे असते, कारण तिथे पाण्यात उतरायचे तर दर वेळी बोट लागते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मालदीवची माझी पहिली सहल मी अशीच छायाचित्रे पाहून ठरवली होती. त्या रिसॉर्टचे नाव मी घेणार नाही. तिथली खोली खरोखरच राजेशाही होती, परंतु किनाऱ्यावरून डायव्ह करता येत नव्हती, आणि किमान चार डायव्हर जमल्याखेरीज बोट सुटत नसे. ही अट आम्हाला पैसे भरून झाल्यावर, तिथे पोहोचल्यावर कळली. पाच दिवसांपैकी दोन दिवस आम्ही फळ्यावर नाव लिहून वाट पाहत बसलो. उरलेल्या दिवसांत प्रत्येक डायव्हच्या बिलात बोटीचे वेगळे पैसे, त्यावर सेवाशुल्क आणि कर असे जोडत गेले. व्हिलाच्या पायऱ्यांवरून खाली पाहिले की गुडघाभर पाणी आणि वाळू. आठवडाभर रजा काढून, सिलिंडर पाठीवर घ्यायचा म्हणून गेलेल्या माणसाला त्या पाण्याचा काय उपयोग?

याउलट, ज्या रिसॉर्टला मी पहिला क्रमांक दिला ते उत्तर आरी कंकणद्वीपातले लहानसे बेट आहे. तिथे संध्याकाळी साडेपाचला आम्ही दोघे डायव्ह सेंटरसमोरच्या फळ्यावर नावे, सिलिंडरचा दाब आणि वेळ लिहून, फिन हातात धरून कमरेइतक्या पाण्यातून चालत निघायचो. प्रवाळावर पाय पडू नये म्हणून बाहेर जाण्याच्या वाटा खांब रोवून आखलेल्या होत्या. तिसऱ्या खांबापाशी फिन चढवायचे, मास्क साफ करायचा, एकमेकांचे नळे आणि बकले तपासायची, आणि दहा-बारा वेळा पाय मारले की पायाखालची वाळू संपून उतार सुरू व्हायचा. त्या वेळी दिवसाचे मासे कपारींत शिरत असतात आणि रात्रीचे बाहेर पडत असतात. एका संध्याकाळी चौदा मीटरवर, खडकाच्या छपरीखाली डोके खुपसून बसलेले हॉक्सबिल कासव दिसले. शेजारच्या भोकातून मोरे ईल तोंड बाहेर काढून उघडझाप करत होती आणि तिच्या जबड्यात एक लाल-पांढरी कोळंबी निर्धास्तपणे सफाई करत फिरत होती. घाई नव्हती, कारण बोट थांबलेली नव्हती आणि वर कोणी घड्याळ पाहत नव्हते. पन्नास मिनिटांनी वर आलो तेव्हा दिवे लागले होते. अशी डायव्ह रोज करता येते, आणि तिच्यासाठी सिलिंडरपलीकडे फारसा खर्च येत नाही. सकाळी बोटीने माया थिलासारख्या पाण्याखालच्या टेकडीवर जायचे आणि संध्याकाळी दारातल्या प्रवाळावर उतरायचे, हा दिनक्रम ज्या बेटावर शक्य आहे ते माझ्या लेखी पहिले, मग गादी कशी का असेना.

दारातले प्रवाळ नुसते जवळ असून भागत नाही, ते जिवंतही हवे. १९९८ आणि २०१६ साली समुद्राचे तापमान वाढून मालदीवमधील उथळ प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. उतारावर खोलवर परिस्थिती बरी राहिली, काही ठिकाणी नवी वाढही चांगली आहे, पण बेटागणिक फरक फार. म्हणून दहा वर्षांपूर्वीचे कौतुक वाचून ठरवू नये. गेल्या वर्षभरात तिथे पाण्यात उतरलेल्या माणसाला विचारावे.

जेवणाबद्दल एवढेच सांगतो की दोन्ही ठिकाणी भारतीय शाकाहारी जेवण मिळाले, आणि दोन्ही ठिकाणी चौथ्या दिवशी घरच्या वरणभाताची आठवण झाली.

आपल्या पत्नींच्या बाबतीत मात्र आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ती माझी चूक आहे. मी लेख लिहिताना दोघेही डायव्हर आहेत असे मनाशी धरले होते, आणि प्रत्यक्षात आपल्याकडे बहुतेक सहली अशा नसतात. इथे एका गोष्टीवर सगळे अवलंबून आहे: त्यांना पोहता येते का, आणि खोल पाण्यावर तरंगायची भीती वाटते का. पोहता येत असेल तर जवळचा काठ त्यांच्याही सोयीचा आहे, कारण स्नॉर्केल, म्हणजे श्वासाची नळी, लावून त्या पृष्ठभागावरून तेच कासव पाहू शकतात जे आपण खालून पाहाल. पोहता येत नसेल तर तोच काठ त्यांच्यासाठी धोक्याचा आहे. ओहोटीच्या प्रवाहात चाळीस पावलांवर एकदम वीस-तीस मीटर खोली असणे ही साधी गोष्ट नाही. अशा वेळी ज्याला मी दुसरा क्रमांक दिला, ते रुंद, शांत, कमरेइतक्या पाण्याचे लगून त्यांना खरा आनंद देईल, आणि आपण बोटीचा खर्च व प्रतीक्षा मनाशी धरून जावे. मूळ लेखात मी ही दुरुस्ती आजच जोडत आहे.

तारकर्लीबद्दल माझ्या मनात कमीपणाची भावना नाही. कोकणच्या किनाऱ्यावर हजारो माणसांनी पाण्याखाली पहिला श्वास तिथे घेतला, आणि त्यातूनच कित्येकांना ही गोडी लागली. पण तिथे पर्यटकांना जे मिळते त्यात प्रशिक्षक आपल्या सिलिंडरला धरून असतो. हवेचा दाब, खोली, तरंगण्याचा तोल हे सगळे तो सांभाळतो. आपण पाहण्याचे काम करतो. मालदीवमध्ये कंकणद्वीपाच्या तोंडाशी, ज्याला तिथे कंडू म्हणतात त्या वाटांमध्ये, समुद्राचा प्रवाह नदीसारखा वाहतो, आणि शार्क पाहायचे ते तिथेच. त्या पाण्यात स्वतःचा तोल स्वतः राखता आला पाहिजे. प्रमाणपत्र असलेल्या डायव्हरलाही पहिल्या दिवशी चेक डायव्ह, म्हणजे कौशल्य तपासणारी डायव्ह, करावी लागते, आणि जे सेंटर ती घेत नाही तिथून मी तरी परत फिरेन. ओपन वॉटर, म्हणजे डायव्हरचे पहिले प्रमाणपत्र, अठरा मीटरपर्यंतचे असते. त्यातला अभ्यास आणि पोहण्याच्या तलावातला भाग पुण्या-मुंबईत उरकून उरलेल्या चार समुद्री डायव्ह रिसॉर्टवर पूर्ण करता येतात. तसे केले तर सुट्टीचे तीन दिवस वर्गात जात नाहीत. आपण दोनदा पाण्याखाली जाऊन आला आहात, घाबरला नाहीत, तर हे आपल्याला अवघड जाणार नाही, असे मला मनापासून वाटते.

लक्षद्वीपचा मुद्दा भावनेचा आहे, तसा भूगोलाचाही आहे. लक्षद्वीप आणि मालदीव ही समुद्राखालच्या एकाच डोंगररांगेवरची बेटे आहेत. मिनिकॉयमध्ये बोलली जाणारी महल ही मालदीवच्या धिवेहीचीच बोली. कडमत आणि बंगारम इथले पाणी मालदीवपेक्षा जराही कमी नाही, आणि गर्दी तर कितीतरी कमी. आपल्याला प्रवेशपरवाना मिळत असेल, अगत्तीच्या विमानाची तिकिटे मिळत असतील, आणि ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतच्या काळात रजा असेल, तर जरूर तिकडे जा. मी आडकाठी करणारा कोण? फक्त तिथे खोल्या मोजक्या, डायव्ह सेंटर मोजकी, आणि एखादे बंद निघाले तर शेजारच्या बेटावर जाऊ असे म्हणायची सोय नाही. ती बेटे इतकी लहान आहेत की तिथे मोजकीच माणसे जावीत असेही मला वाटते. अंदमानातले स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, शिकण्यासाठी उत्तम आहे. तिथे राहण्याचे ठिकाण आणि डायव्ह सेंटर वेगवेगळे निवडता येतात, हा त्याचा मोठा फायदा. मालदीवमध्ये बहुतेक रिसॉर्ट एका बेटावर एकच असल्याने खोलीबरोबर डायव्ह सेंटरही गळ्यात पडते, म्हणून तर निवडीचा एवढा काथ्याकूट.

खर्च कमी करायचा असेल तर वस्तीच्या बेटांवरील गेस्टहाउस हा मार्ग आहे. २०२५ पासून रिसॉर्टमध्ये दर माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर आहे, तर वस्तीच्या बेटांवरील लहान गेस्टहाउसमध्ये तो ६ डॉलर आहे. त्याच वर्षीच्या जुलैपासून पर्यटनावरील जीएसटी १७ टक्के झाला, आणि रिसॉर्टमध्ये १० टक्के सेवाशुल्क वेगळे. जाहिरातीतला आकडा आणि शेवटचे बिल यांत अंतर पडते ते इथे.

जुलैचा सल्ला मी सरसकट दिला नव्हता, पण वाक्यरचना तशी झाली हे खरे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पाण्यात प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढते, पाणी गढूळ होते, आणि ते प्लवक खायला मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, कंकणद्वीपांच्या पूर्व बाजूला येतात. बा कंकणद्वीपातील हनिफारूच्या खाडीत मांटा झुंडीने जमतात, ते पाहायचे तर पावसाळाच गाठावा लागतो. तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलने उतरता येते. ईशान्य वाऱ्यांच्या काळात, साधारण डिसेंबर ते एप्रिल, हे चित्र उलटते. महासागराचे स्वच्छ पाणी पूर्वेकडून आत येते, पूर्वेच्या कंडूंमध्ये शार्क दिसतात आणि मांटा पश्चिम बाजूला सरकतात.

आपण फेब्रुवारीत जाणार असे लिहिले आहे. तेव्हा पाणी नितळ असेल, आणि उत्तर आरीतल्या त्या बेटावरून पश्चिमेकडच्या मांटाच्या जागाही आवाक्यात येतात. परतीचे सीप्लेन बहुधा सकाळचे मिळेल, आणि शेवटच्या डायव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास गेले पाहिजेत. म्हणून आदल्या दिवशी सकाळीच शेवटची डायव्ह उरका आणि ती दुपार पत्नींसोबत किनाऱ्यावर घालवा. पैसे भरण्यापूर्वी रिसॉर्टला ईमेल करून किनाऱ्यापासून प्रवाळाचा काठ किती मीटरवर आहे, किनाऱ्यावरून डायव्ह करू देतात का, आणि बोटीला किमान किती डायव्हर लागतात, एवढे लेखी मागवा. त्यांचे उत्तर आले आणि आपल्या पत्नींना पोहता येते की नाही हे आपण कळवलेत, की दोहोंपैकी कोणते घ्यावे हे मी आपल्याला नेमके सांगू शकेन.