बत्तीशी जुळवताना

"दात कशाने तुटला?" असं दातांचे डॉक्टर विचारतात, तेव्हा माणसाकडे जरा बरं उत्तर असावं. क्रिकेटचा चेंडू लागला, जिन्यावरून पडलो, गेला बाजार एखादी हाणामारी तरी. मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, "डंपरमुळे."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर एकदम करुणा दाटून आली. "अपघात झाला का?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"तसा नाही. डंपर दोन वितींचा आहे. प्लॅस्टिकचा. मीच बनवलाय."

करुणा ओसरली. आरसा, टोकदार सळई आणि झगझगीत दिवा पुढे आला.

सगळं सुरू झालं मुलीच्या खोलीत. तिच्याकडे लेगोच्या टेक्निक प्रकारातला एक संच पडून होता. लेगो म्हणजे एकावर एक रचायचे रंगीत ठोकळे, अशी माझी जुनी समजूत. त्या ठोकळ्याचं पेटंट १९५८ सालचं. पण १९७७ मध्ये ठोकळ्यांना आडवी भोकं पडली, भोकांतून ॲक्सल, म्हणजे चाकांचे दांडे, जायला लागले, ॲक्सलवर दातेरी चाकं चढली आणि निरुपद्रवी खेळण्याचं यंत्रशास्त्र झालं. त्या पहिल्याच वर्षीच्या संचांमध्ये मोटारीची नुसती चासी होती. स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळत आणि गाडी ढकलली की इंजिनातले दट्टे वरखाली होत.

मुलीचा संच मी तीन संध्याकाळी बसून पुरा केला. सोबतच्या पुस्तिकेत शब्द नसतातच, नुसती चित्रं. हे इथे लाव, ते तिथे लाव. लावलं. गाडी चालली. दुसऱ्याच्या वहीतून उतरवून काढलेलं गणित बरोबर आलं, की माणसाला आपण गणिती आहोत असं वाटायला लागतं. मी जाहीर केलं, आता माझी स्वतःची गाडी. या छंदातली मंडळी अशा स्वतः रचलेल्या मॉडेलला 'मॉक' म्हणतात, म्हणजे 'माय ओन क्रिएशन'. इंग्रजीत याच उच्चाराचा, टिंगल करणे या अर्थाचा आणखी एक शब्द आहे, त्याचा प्रत्यय घरच्यांनी पुढे दिला.

बेत असा होता: डंपर. चारही चाकांना मोटरची ताकद, दोन गिअरांचा गिअरबॉक्स, प्रत्येक चाकाला स्प्रिंग आणि मागचा हौदा आपोआप उचलला जाणार. कागदावर सगळं बसलं. कागदावर गाडी पळायला काहीच लागत नाही.

आता बत्तीशीचं सांगतो. लेगोच्या तुळईवर, म्हणजे भोकांच्या लांबट पट्टीवर, शेजारशेजारच्या दोन भोकांत बरोबर ८ मिलिमीटर अंतर असतं. आणि दोन गिअर एकमेकांत नीट बसायचे, तर त्यांच्या दात्यांची बेरीज करायची, तिला दोनाने भागायचं, जेवढे येतील तेवढे मिलिमीटर त्यांच्या केंद्रांत हवेत. ८ आणि २४ दात्यांचे गिअर घेतले तर बेरीज ३२, अंतर १६ मिलिमीटर, म्हणजे दोन भोकं. १६ आणि १६, तेच. १२ आणि २०, तेच. ज्यांची बत्तीशी पुरी, त्यांचा संसार सुखाचा. हे माझं मलाच सुचलं, तेव्हा मी इतका खूश झालो की रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितलं. तिने डोळे न उघडता विचारलं, "आणि अक्कलदाढेचं काय?"

तिला गंमत वाटली असेल, पण प्रश्न वर्मावर बसला. मला हवा होता १६ आणि २४ दात्यांचा जोड, कारण त्याने वेग दीडपट कमी होतो, ना फार, ना थोडा. बेरीज ४०. अंतर २० मिलिमीटर. म्हणजे अडीच भोकं.

अडीच भोकं! तुळईवर दोन भोकं असतात, तीन भोकं असतात. अडीचवर असतं ते नुसतं प्लॅस्टिक, आणि ते तुमच्याकडे अगदी शांतपणे बघत असतं. त्या अर्ध्या भोकापायी मी आठवडा घालवला. अर्ध्या भोकाची सरकत देणारे तुकडे असतात, नाही असं नाही. पण ते बसवले की सांगाडा दोन भोकं रुंद होतो, सांगाडा रुंद झाला की चाकं बाहेर जातात, चाकं बाहेर गेली की स्टिअरिंगचा दांडा आखूड पडतो, आणि लांब दांडा घ्यावा तर तो केबिनमधल्या चालकाच्या पोटातून जातो. शेवटी चालक काढून टाकला. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ज्याने केली त्याने आयुष्यात एकदा तरी गिअरबॉक्स बनवलेला असणार.

मग मी शहाणा झालो आणि बत्तीशीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. पहिल्या गिअरला ८-२४, दुसऱ्याला १२-२०. दोन्हीकडे दोनच भोकं. ही अक्कल आठवडाभर आधी आली असती तर दात वाचला असता की नाही सांगता येत नाही, पण चालक नक्की वाचला असता.

सांगाडा मात्र डुगडुगत होता. काटकोनात ठेवलेली तुळई हात लावला की लाजून तिरकी व्हायची. तिरपा आधार द्यायला हवा, एवढं कळलं. शाळेतलं तीन-चार-पाच आठवलं आणि मी तीन, चार आणि पाच भोकांच्या तुळया घेऊन बसलो. काटकोन येईना. पायथागोरसवरचा माझा विश्वास उडत चालला होता. मुलगी शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "बाबा, भोकं नाही मोजायची. मधली अंतरं मोजायची." पाच भोकांत अंतरं चारच असतात! मग अंतरं दुप्पट करून सहा-आठ-दहाचा त्रिकोण घेतला, म्हणजे सात, नऊ आणि अकरा भोकांच्या तुळया, आणि काटकोन असा बसला की सांगाड्यावर मी स्वतः बसायचा तेवढा राहिलो. मुलगी सातवीत आहे. हे नमूद करायला नको होतं.

पहिल्या चाचणीला घरातले सगळे जमले. मी मोटर सुरू केली. डंपर जागच्या जागी थरथरू लागला. पुढेही जाईना, मागेही येईना, नुसता दातओठ खात उभा. आईने दोन मिनिटं वाट पाहिली आणि विचारलं, "ही कुठे जाते रे?" मी म्हणालो, ताकद साठवतेय. मुलीने डंपर उचलला, उलटा केला, आणि हवेत चाकं फिरताना पाहिली. पुढची दोन चाकं पुढे निघाली होती, मागची दोन मागे. गाडीच्या लांबीभर जो मधला ॲक्सल असतो, त्याच्याकडून चाकांच्या ॲक्सलला फिरवणारा गिअर मी पुढे डाव्या बाजूला बसवला होता आणि मागे उजव्या. दिसायला समतोल दिसत होतं म्हणून. पुढे-मागे ओढणाऱ्या दोन गटांच्या मध्ये सापडलेली ती बिचारी मोटर! सभासदांच्या वार्षिक सभेत अध्यक्षांचं तोंड मी पाहिलेलं आहे, म्हणून मला तिचं दुःख कळलं.

चूक दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सांगितलं की मला एक बारीक दोष सापडला. सापडला होता मुलीला. पण या धंद्याची परंपराच तशी आहे. गाडी वळताना आतलं चाक जास्त वळावं आणि बाहेरचं कमी, ही रचना लांकेनस्पर्गर नावाच्या एका जर्मन बग्गीवाल्याने शोधली, लंडनमधल्या त्याच्या प्रतिनिधीने १८१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि तिला आजतागायत त्या प्रतिनिधीच्या नावाने, आकरमानच्या, ओळखतात. आमच्या घरात मी आकरमान झालो. मुलीने काही तक्रार केली नाही. लांकेनस्पर्गरच्या मुली असंच करत असतील.

डंपर आता चालायला लागला. वळेना तेवढा. वळताना मागची चाकं फरशीवर अशी फरफटत यायची, जसं काही कुणी त्यांना बखोटीला धरून नेतंय. कारण उघड होतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, आणि मी दोघांना एकाच ॲक्सलवर ठोकून बसवलं होतं. यासाठी डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जुळणी, लागतो, तो मी जागा वाचवायला गाळला होता. फ्रान्समधल्या पेकेर नावाच्या माणसाने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं होतं. हा माणूस घड्याळजी होता, हे वाचून मला धीर आला. निदान बारीक चाकांत डोकं घालून बसायची सवय त्याच्या बायकोला असेल.

डिफरन्शियल घातला, आणि सोफ्याखालून आवाज आला: टर्रर्रर्र.

हा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. गिअरवर जोर आला की ते एकमेकांना ढकलतात, ॲक्सल जरासा वाकतो, आणि दाते दात्यांवरून उड्या मारत सुटतात. उपाय सोपा असतो: गिअरच्या दोन्ही बाजूंनी ॲक्सलला आधार द्यायचा. मी एकाच बाजूने दिला होता, कारण दुसऱ्या बाजूला स्प्रिंग होती. स्प्रिंग हलवली तर चाक अडलं. चाक हलवलं तर स्टिअरिंग. आता हे तुम्हाला पाठ झालं असेल.

त्यातच आणखी एक शहाणपणा केला होता. वेग कमी करून ताकद वाढवायची ती मी मोटरच्या बुडाशीच वाढवली. मग ती वाढलेली ताकद गाडीच्या लांबीभर न्यायची कुणी? त्या प्लॅस्टिकच्या ॲक्सलने. तो मध्ये चक्क पिळला गेला, ओले कपडे पिळावेत तसा. ताकद वाढवायची ती शेवटी, चाकाजवळ, म्हणजे मधल्या ॲक्सलला नुसतं पळावं लागतं, ओझं वाहावं लागत नाही. या एका वाक्याची किंमत मी पाच पिळलेले ॲक्सल आणि दोन रविवार मोजली आहे.

प्लॅस्टिकच्या मोटरीकडून किती अपेक्षा ठेवावी याचा हिशेब मी नंतर वाचला. २०१८ मध्ये लेगोच्याच लोकांनी टेक्निकच्या दहा लाखांहून जास्त तुकड्यांची, खऱ्या आकाराची, माणूस बसवून चालवता येणारी बुगाटी शिरॉन मोटार बनवली. वजन दीड टन. तिला २,३०४ मोटरी लावल्या होत्या, आणि ताकद निघाली ५.३ अश्वशक्ती. म्हणजे एका घोड्याला साधारण ४३५ मोटरी! माझ्याकडे दोन होत्या, त्यातली एक हौद्यासाठी. घोडा सोडा, हा घोड्याच्या शेपटीचा एक केस झाला.

हौद्याचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की त्रास होतो. तो वर्म गिअरवर, म्हणजे स्क्रूसारख्या पिळाच्या गिअरवर, होता. वर्म एकदा फिरला की समोरचा गिअर एकच दाता सरकतो, म्हणजे २४ दात्यांना २४ फेरे. ताकद प्रचंड, आणि भार कितीही आला तरी हौदा आपण होऊन खाली येत नाही. उत्तम. फक्त हौदा पूर्ण वर गेल्यावर मोटरला ते सांगायचं कुणी? जास्त जोर आल्यावर आपण होऊन घसरणारा क्लच गिअर मिळतो. तो मी 'नंतर बघू' म्हणून ठेवला होता. मोटर इमानाने ढकलत राहिली आणि हौदा एकेक पिन सोडत, अगदी सावकाश, सर्वांच्या देखत उलगडला. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणतात. सगळ्यांचे दिसले.

माझाही दिसला, त्याच रात्री, तळहातावर. गिअरबॉक्स उघडायचा होता आणि एक ॲक्सल तीन तुळयांतून आरपार जाऊन आत अडकून बसला होता. नखं केव्हाच संपली होती. ठोकळे सुटे करायचं एक नारंगी हत्यार असतं, त्याच्या टोकाला ॲक्सल ढकलून काढायची सोयही असते. ते खणात होतं. खण चार पावलांवर होता. मी ॲक्सल दातात धरला आणि हिसका दिला. ॲक्सल निघाला. पटाशीच्या दाताचा कोपराही निघाला. आधी मी ॲक्सल तपासला, शाबूत होता. मग आरशात पाहिलं. साडेएकतीस.

डॉक्टरांनी दोन बैठकांत कोपरा भरून दिला. मग एक निळा कागदाचा तुकडा दातांमध्ये धरून म्हणाल्या, "चावा. आता इकडेतिकडे घासा. उंच लागतंय का?" लागत होतं. त्यांनी यंत्राने जरासं घासलं, पुन्हा कागद, पुन्हा चावा. चार वेळा. मी खुर्चीत आडवा पडून आदराने बघत राहिलो. वरचा दाता खालच्यावर नेमका किती टेकावा, हे ही बाई अर्ध्या भोकाच्या कितीतरी आतल्या हिशेबात जुळवत होती, आणि तिला कुठेही ८ मिलिमीटरचं बंधन नव्हतं.

"एक विचारू?" त्या हातमोजे काढत म्हणाल्या. "चालतो का तो डंपर?"

चालतो. त्या रविवारी चालला. दोन्ही गिअर पडले, पुढचं आणि मागचं जग एका दिशेला निघालं, हौद्याने सात खोडरबर आणि एक पेन्सिल नीट ओतली आणि योग्य जागी थांबला. सतरंजीच्या काठावर चढताना पुढचं चाक वर उचललं गेलं, स्प्रिंग दबली, आणि बाकीची तिन्ही जमिनीला धरून राहिली. आई म्हणाली, "गेली की रे!" मी पाच मिनिटं काहीच बोललो नाही.

सहाव्या मिनिटाला मनात आलं, सहा चाकांचा केला तर? पण गिअर तेवढेच होते. म्हणजे हा मोडायला हवा. मी डंपर उलटा केला, पिना काढल्या, तुळया सोडवल्या. मधला ॲक्सल अडकला. ओढला. हलेना. नखं पाहिली, नव्हती. हात तोंडाकडे निघाला असेल, मला खरंच कळलं नाही.

कुणीतरी माझ्यासमोर टेबलावर आवाज न करता दोन वस्तू ठेवल्या. एक ते नारंगी हत्यार होतं. दुसरं डॉक्टरांचं कार्ड.